चेनेज ४३५०: दोन सॉफ्टवेअर जुळली, टेकाड राहिलं

फाइल माझ्या टेबलावर आली ती मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात. मार्चमधल्या फाइलींचा स्वभाव ज्याला माहीत आहे त्याला जास्त सांगायला नको. ठेकेदाराचं रनिंग बिल एका ओळीपाशी अडकलं होतं: ‘सर्ज अ‍ॅनालिसिस, पडताळणी बाकी’. म्हणजे पंप अचानक थांबला तर पाइपलाइनीत दाब किती उसळतो नि कोसळतो, याचा हिशेब. योजनेच्या मालकाकडचे साहेब फोनवर म्हणाले, “दोन सॉफ्टवेअरवर चालवून बघितलाय ओ, आकडे जुळलेत. तुमची सही तेवढी राहिलीय.”

मी सोलापुरात सात रस्त्याजवळ बसून त्रयस्थ तपासणीची कामं करतो. सही तेवढीच राहिलेली असते तेव्हा मी आधी चहा सांगतो आणि मग इनपुट फाइल मागतो. यावेळी मात्र इनपुट फाइल मागायला मलाही दहा दिवस लागले. ते का, ते पुढे येईलच. मालक, ठेकेदार, पुण्याचे सल्लागार यांची नावं इथे नकोत. नावांवाचून काही अडत नाही.

योजना साधी होती. माढा तालुक्यात भीमेच्या काठावर जॅकवेल (नदीचं पाणी उचलायची विहीर), दोन पंप चालू आणि एक राखीव. तिथून ७.२ किलोमीटरवरच्या टाकीपर्यंत ६०० मिलिमीटर व्यासाची, ६ मिलिमीटर जाडीची एमएस (साध्या पोलादाची) रायझिंग मेन, म्हणजे पंपाचं पाणी वर चढवणारी लाइन. पंपाच्या मध्यरेषेपासून टाकीपर्यंत चढ ६२ मीटर, घर्षणात जाणारे पंधरा-साडेपंधरा मीटर, म्हणजे पंपाला ७७ मीटरचं हेड, पाणी तेवढं वर ढकलण्याइतका दाब. पुढे दाब मीटरमध्ये येतो तो याच अर्थाने; उणे म्हणजे बाहेरच्या हवेपेक्षा कमी. पाण्याचा वेग सेकंदाला १.३ मीटर. हा वेग म्हणजे माणसाची चाल. पण त्या पाइपात एका वेळी दोन हजार टनांहून जास्त पाणी असतं, आणि ते सगळं माणसाच्या चालीनं टाकीकडे निघालेलं असतं. अशात वीज गेली, तर पंप काही सेकंदांत थांबतो, पण पाण्याला ते कळायला वेळ लागतो. पंपाच्या बाजूला दाब कोसळतो, ती घसरण लहरीसारखी टाकीकडे जाते, तिथून उलटून येते. आपल्याकडे वीज किती वेळा जाते हे सोलापूरकराला सांगायची गरज नाही. म्हणूनच पंपहाऊसमध्ये एअर व्हेसल ठेवायचं ठरलेलं: ३० घनमीटरचं, त्यात चालू स्थितीत १२ घनमीटर हवा. पंप थांबला की ही दाबलेली हवा पसरते आणि पाणी ढकलत राहते.

आता करारातलं कलम. ते मी लिहिलं नव्हतं, पण लिहिणाऱ्याने मनापासून लिहिलं होतं. पंपहाऊसमध्ये दाब १२० मीटरच्या वर जाऊ नये. पूर्ण लाइनवर कुठेही, एअर व्हॉल्व्हवर (हवा आत-बाहेर सोडणाऱ्या झडपेवर) विसंबून न राहता, दाब उणे ३ मीटरच्या खाली जाऊ नये. गणिताची ग्रिड (हिशेबासाठी लाइनचे पाडलेले तुकडे) निम्मी करत नेल्यावर लागोपाठच्या दोन उत्तरांत २ टक्क्यांहून जास्त फरक नको, आणि हे ‘प्रत्येक परिस्थितीसाठी’. शेवटी, दुसऱ्या स्वतंत्र सॉफ्टवेअरवर तेच उत्तर ५ टक्क्यांच्या आत यावं. सोबत पडताळणी तक्ता. त्यात प्रत्येक अटीसमोर ती कशी तपासायची याचा रकाना असतो: निरीक्षण, विश्लेषण, प्रात्यक्षिक की चाचणी. दाबाच्या दोन्ही अटींसमोर फक्त ‘विश्लेषण’ लिहिलेलं.

पहिला दिवस मी कागद-पेन्सिलीवर काढला. पाण्याचा आकारमान गुणांक २.२ गिगापास्कल, स्टीलचा स्थितिस्थापकता गुणांक २०७, व्यास भागिले जाडी १००. यावरून दाबाच्या लहरीचा वेग सेकंदाला साधारण १०३० मीटर येतो. सल्लागारांच्या रिपोर्टमध्ये १०३२. ठीक. लहर टाकीपर्यंत जाऊन परत यायला १४ सेकंद. संरक्षण काहीच नसेल आणि प्रवाह एकदम थांबला तर दाबातली घसरण किती, याचं उत्तर रशियाच्या झुकोव्हस्कीने मॉस्कोच्या पाणीपुरवठ्यावर प्रयोग करून १८९८ मध्ये देऊन ठेवलंय: लहरीचा वेग गुणिले पाण्याच्या वेगातला बदल, भागिले गुरुत्वत्वरण. इथे ते १३६ मीटर. पंपाचं हेड ७७ आणि घसरण १३६, म्हणजे व्हेसल नसेल तर पाण्याची वाफ होऊन पाइपातला पाण्याचा सलग स्तंभ तुटणारच. एअर व्हेसलसह किमान दाबही मी ढोबळ ऊर्जेच्या हिशेबाने काढला. हलत्या पाण्याची ऊर्जा १.७ मेगाज्यूलच्या आसपास, ती हवेच्या प्रसरणाशी ताळ्यात आणली की पंपापाशी तळाचा दाब ३२–३३ मीटर येतो. रिपोर्टमध्ये ३२.७. इतकं जुळल्यावर माझा सल्लागारांवरचा विश्वास वाढला, हे मी मान्य करतो. पुढचे दहा दिवस त्याच विश्वासावर गेले.

या हाताच्या हिशेबाला हल्लीची मुलं हसतात. त्यांना मी नॉर्वेतल्या स्लायप्नर ए या समुद्रातल्या तेल-वायूच्या प्लॅटफॉर्मचं उदाहरण देतो. २३ ऑगस्ट १९९१ रोजी त्याचा काँक्रीटचा पाया समुद्रात बुडाला. फायनाइट एलिमेंटच्या (तुकडे पाडून संगणकावर केलेल्या हिशेबाच्या) जाळीत एक सांधा जाड्याभरड्या तुकड्यांनी मांडला होता, आणि तिथला कर्तन प्रतिबल (कातरणारा ताण) ४७ टक्के कमी निघाला होता. अपघातानंतर जास्त काळजीने केलेल्या विश्लेषणात तो भाग ६२ मीटर खोलीवर फुटेल असं आलं. तो फुटला ६५ वर.

ग्रिडकडे वळतो. सल्लागारांनी लाइनचे ३०० मीटरचे २४ भाग केले होते, काळाचा टप्पा ०.२९ सेकंद. लहर एका टप्प्यात नेमका एक भाग कापते, म्हणजे या पद्धतीत हवा तसा मेळ. मी त्यांना १५०, ७५ आणि ३७.५ मीटरवर चालवायला सांगितलं. पंपहाऊसमधला कमाल दाब अनुक्रमे ९६.८, ९७.७, ९८.२, ९८.४ मीटर. फरक ०.९, ०.५, ०.२, म्हणजे दरवेळी साधारण निम्मा. घर्षणाची मांडणी पहिल्या कोटीची (तुकडा निम्मा केला की चूकही निम्मी) असेल तर असंच व्हायला हवं. ब्रिटिश गणितज्ञ रिचर्डसनने १९११ मध्ये सुचवलेली युक्ती वापरून हे पुढे ताणलं की अनंत बारीक ग्रिडवरचं उत्तर ९८.६–९८.७ येतं. १२० च्या बरंच आत. ‘उत्तर बदलायचं थांबलं’ एवढं म्हणून भागत नाही. ते कोणत्या चालीने थांबतंय हेही बघावं लागतं. चाल अपेक्षेप्रमाणे असेल तरच पुढे ताणायला अर्थ आहे.

मग पहिली ठिणगी पडली. ‘प्रत्येक परिस्थितीसाठी’ या शब्दांनी.

व्हेसलशिवायच्या परिस्थितीत ग्रिड बारीक करत गेल्यावर कमाल दाब आला १७१, २०४, १८८, २३६. वर, खाली, पुन्हा वर. ठेकेदाराचा माणूस घाबरला, मालकाकडचे साहेब रागावले, आणि पुण्याच्या सल्लागाराकडची मुलगी, नुकतीच एम.टेक. झालेली, ‘हुतात्मा’ एक्सप्रेसने तिसऱ्यांदा सोलापूरला आली. तिने सॉफ्टवेअरच्या सेटिंग बदलून बघितल्या, रात्री दोनपर्यंत. सकाळी माझ्यासमोर बसून म्हणाली, “सर, कन्व्हर्ज होतच नाहीये. माझं काय चुकतंय?”

तिचं काहीच चुकत नव्हतं. स्तंभ तुटतो तेव्हा हे मॉडेल प्रत्येक गाठीवर वाफेची एक पोकळी धरतं. ग्रिड बारीक केली की पोकळ्या वाढतात, त्या एकामागून एक मिटताना खोटे टोकदार दाब उठतात, आणि कोणती कधी मिटेल हे ग्रिडवर अवलंबून राहतं. ही त्या मॉडेलची जुनी, माहीत असलेली खोड आहे. त्यात थोडी हवा धरणारं मॉडेल वापरलं तर आकडे जरा शहाण्यासारखे वागतात, पण २ टक्क्यांची अट तिथेही पाळली जाईल याची हमी नाही. म्हणजे करारातली अट त्या परिस्थितीसाठी पूर्ण होणारीच नव्हती. कितीही हुशार माणूस बसवला तरी.

अशा वेळी दोन वाटा असतात. एक, सोयीच्या दोन ग्रिड निवडून ‘जुळलं’ म्हणून दाखवायचं. १७१, २०४, १८८ यांच्या आसपास चाळून दोन जवळचे आकडे सापडले असतेच, आणि ठेकेदाराने ते सुचवलंही, अगदी सहज, चहाचा कप खाली ठेवता ठेवता. दुसरी, पत्र लिहून अट दुरुस्त करून घ्यायची. मी पत्र लिहिलं: व्हेसलशिवायचं विश्लेषण हे ‘संरक्षण लागतं का’ एवढ्याच प्रश्नाचं उत्तर आहे, ते ‘हो’ असं आहे, आणि तिथला कमाल आकडा कुठल्याही डिझाइनमध्ये वापरलेला नाही, तेव्हा ग्रिडची अट फक्त जिथे स्तंभ तुटत नाही त्या परिस्थितींना लागू करावी. साहेबांना हे पटायला आठवडा गेला. त्यांचं म्हणणं चूक नव्हतं: “उद्या ऑडिटवाला विचारेल, अट सोडली कुणी?” म्हणून कारण पत्रातच सविस्तर घातलं.

या भांडणात माझे दहा दिवस गेले. सगळ्यांचं लक्ष जिथे आकडे जुळत नव्हते तिथे. जिथे जुळत होते तिकडे कुणी बघितलंच नाही. मीही नाही.

दुसऱ्या सॉफ्टवेअरचा रिपोर्ट ठेकेदाराने वेगळ्या माणसाकडून करून घेतला होता. फरक ०.६ टक्के. इतका सुंदर मेळ बघून मी पान उलटलं होतं. पत्राचं काम झाल्यावर, फाइल बंद करायची म्हणून, मी दोघांच्याही इनपुट फाइली मागवल्या. दोन्हीत लाइनच्या उंचीचा एकच एक्सेल तक्ता. अक्षरशः एकच, एका रकान्याच्या नावात ‘चेनेज’चं (पंपापासून लाइनीवरचं अंतर, मीटरमध्ये) स्पेलिंग चुकलं होतं, ते दोन्हीकडे तसंच चुकलेलं. तक्त्यात ओळी सोळा. ७.२ किलोमीटरच्या लाइनला सोळा उंच्या, दर ५०० मीटरला एक. टेंडरच्या प्राथमिक अहवालातून उचललेला तक्ता होता तो. प्रत्यक्ष सर्व्हे दर ३० मीटरला झाला होता, त्याच्या २४१ ओळी असायला हव्या होत्या, पण तो एल-सेक्शन (लाइनच्या चढउताराचा आराखडा) स्कॅन केलेल्या मोठ्या ड्रॉइंगवर होता, आणि ड्रॉइंगवरून आकडे टंकायचा कंटाळा कुणाला येत नाही?

दुसऱ्या दिवशी टेंभुर्णीपर्यंत एसटीने आणि तिथून ठेकेदाराच्या सुपरवायझरच्या मोटारसायकलवर मी पूर्ण आखणी फिरलो. चार किलोमीटरपर्यंत हलका चढ, ज्वारीची रानं काढून झालेली, कडब्याच्या पेंढ्या उभ्या. चारच्या पुढे गाडी दुसऱ्या गिअरवर आली. पुढे पहिल्या. मुरमाचं टेकाड, वर बाभळी, एक म्हातारा शेळ्या घेऊन बसलेला. सुपरवायझरने आखणीचे खुंट दाखवले, ते थेट टेकाडावरून गेले होते. म्हाताऱ्याने आमच्याकडं बघून विचारलं, “पाइप वरनं न्यायचाय का पोटातनं?”

जवळच्या टीबीएमवरून (उंची ठाऊक असलेल्या खुणेवरून) ऑटो लेव्हल, उंची मोजायची दुर्बीण, लावून बघितलं. चेनेज ४३५० ला जमीन पंपाच्या मध्यरेषेपेक्षा ५७.३ मीटर वर. एक मीटर मातीचं आच्छादन आणि पाइपाची त्रिज्या वजा केली की पाइपाचा मध्य ५६. सोळा ओळींच्या तक्त्यात ४००० ला ४४ आणि ४५०० ला ४७ होतं, मधे सरळ रेघ, म्हणजे सॉफ्टवेअरच्या लेखी ४३५० ला पाइप ४६ वर. दहा मीटरचं टेकाड गायब.

आता ग्रिडच्या सगळ्या कसरतीकडे पुन्हा बघा. ३०० वरून ३७.५ मीटरवर आलो तेव्हा सॉफ्टवेअरने त्याच सरळ रेघेवर जास्त ठिपके काढले. ग्रिड बारीक केली म्हणून टेकाड उगवत नाही. समीकरण बरोबर सुटतंय का, हे ग्रिडवरून कळतं. समीकरणात आपलीच लाइन आहे का, हे कळत नाही. दुसरं सॉफ्टवेअरही त्याच चुकीच्या लाइनचं गणित तितक्याच बिनचूक सोडवून मोकळं झालं. ‘स्वतंत्र’ हा शब्द करारात सॉफ्टवेअरला लावला होता, इनपुटला कुणी लावलाच नव्हता.

परिणाम काय, ते घरी यायच्या आत बसमध्येच काढलं. पंप बंद पडल्यावर तळाच्या क्षणी दाबरेषा (त्या दाबाने पाणी जिथवर चढेल ती उंची) पंपापाशी ३२.७ आणि टाकीपाशी ६२. ४३५० ला ती साधारण ५०.४ येते. जुन्या तक्त्याप्रमाणे पाइप ४६ वर, म्हणजे दाब अधिक ४.४, सगळं ठीक. खऱ्या जमिनीवर पाइप ५६ वर, म्हणजे दाब उणे ५.६. अट उणे ३ ची. व्हेसलमधली हवा कॉम्प्रेसरच्या दुर्लक्षामुळे १२ ऐवजी ९ घनमीटर राहिली तर उणे ७. आणि सोलापूरची उंची समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरच्या वर, पाणी ३० अंशांचं धरलं तर वाफ व्हायची सीमा उणे ९.४ च्या आसपास. सॉफ्टवेअरमध्ये समुद्रकाठची उणे १०.१ तशीच ठेवली होती, तेही दुरुस्त करायला सांगितलं. बारीक गोष्ट.

ठेकेदाराच्या बैठकीतला युक्तिवाद मात्र कच्चा नव्हता. एक, पाइप चेपणार नाही: सहा मिलिमीटरच्या गोल पाइपाला चेपायला लागणारा बाहेरचा दाब पूर्ण निर्वाताच्या चौपटीहून जास्त. हे त्यांचं गणित बरोबर होतं, मीही तपासलं. पण अट पाइपाच्या चेपण्यापुरती नव्हती. ऋण दाबात सांध्यांतून, रबरी गॅसकेटमधून बाहेरचं गढूळ पाणी आत ओढलं जातं, आणि सीमेपासूनचं अंतर हवेच्या एका दुर्लक्षावर संपतं. दोन, “टेकाडावर एअर व्हॉल्व्ह टाकतो की.” टाकायलाच हवा, उंचवटा आहे तो. पण कलम म्हणतं, त्याच्यावर विसंबू नका, आणि कलम लिहिणाऱ्याला आपला मुलूख माहीत असावा. उन्हाळ्यात आडरानातल्या एअर व्हॉल्व्हची काय गत होते? कुणी जनावरांना पाणी पाजायला तो उचकटतो, कुणी गळतो म्हणून खालचा स्लुइस (बंद करायची झडप) बंद करून जातो. शिवाय आत घेतलेली हवा बाहेर पडताना परतणारं पाणी आपटतं ते वेगळंच.

उपाय दोन होते. हवा १२ वरून २४ घनमीटरवर नेणारं, जवळजवळ दुप्पट व्हेसल, नाहीतर म्हाताऱ्याच्या भाषेत पोटातनं. त्या भागात खोदाई अजून व्हायची होती, हे नशीब. साडेतीन मीटर जास्त खोल, साधारण १६० मीटर लांबीत, मुरूम आणि खाली थोडा खडक. ब्रेकर लागला, पण व्हेसलच्या किमतीपुढे ते काहीच नव्हतं. पाइपाचा मध्य ५२.५ वर आला. २४१ ओळींच्या तक्त्यावर पुन्हा चालवलं: सगळ्यात कमी दाब उणे २.५. आणि तो माथ्यावर नव्हे, शंभर मीटर अलीकडे, ४२५० ला, जिथे चढ संपून कापलेला भाग सुरू होतो. कमाल दाबात फारसा फरक पडला नाही. दुसऱ्या सॉफ्टवेअरवाल्याला यावेळी ड्रॉइंग दिलं, तक्ता नाही. त्याने आकडे स्वतः टंकले, दोन चुका केल्या, त्या तुलनेत सापडल्या. तुलनेचं खरं काम ते.

पडताळणी तक्त्यात दाबाच्या दोन्ही ओळींसमोर ‘विश्लेषण’च्या पुढे ‘आणि चाचणी’ लिहून घेतलं. ठेकेदाराने म्हटलं, स्काडा आहेच की. स्काडा, म्हणजे पंपहाऊसची संगणकी नोंद-यंत्रणा, मिनिटाला एक नोंद करतो. पंप बंद पडल्यावर तळाचा दाब चाळीस सेकंदांच्या आत येऊन जातो. सेकंदाला दहा नोंदी घेणारे दोन लॉगर भाड्याने आणले, कॅलिब्रेशनचे दाखले तपासले, एक पंपहाऊसमध्ये आणि एक ४२५० ला बसवला. एअर व्हॉल्व्हखालचा स्लुइस चाचणीपुरता बंद केला आणि दोन्ही पंप एकदम ट्रिप केले.

पंपापाशी किमान ३४.५, कमाल ९३. टेकाडापाशी उणे १.८. मॉडेलचे आकडे ३२.७, ९८.४ आणि उणे २.५. साहेब खूश, म्हणाले प्रत्यक्षात बरंच निघालं. मी आधी प्रवाहमापक बघितला. त्या दिवशी वेग १.३ नव्हताच, १.२४ होता. तोच वेग मॉडेलमध्ये घातल्यावर ३३.८, ९६ आणि उणे २.१ आलं. उरलेला फरक किमान दाबात काही दशांशांचा. कमाल दाबात तीन मीटर, कारण खऱ्या लाइनीत आणि व्हेसलच्या हवेत ऊर्जा मॉडेलपेक्षा जास्त जिरते. तुलना करायची ती चाचणीच्या दिवशीच्या परिस्थितीशी. डिझाइनच्या आकड्याशी तुलना करून मिळालेला ‘सुरक्षित’ फरक मी रिपोर्टमध्ये येऊ दिला नाही.

बिल जूनमध्ये सुटलं. तक्त्यात किमान दाबाच्या ओळीसमोर मी ‘मान्य’ लिहिलं, पण एका अटीवर: व्हेसलमधली हवा ११ घनमीटरच्या खाली गेली की पंपहाऊसमध्ये भोंगा वाजला पाहिजे. भोंगा बसला तो ऑगस्टमध्ये. तोवर सही पेन्सिलीत होती.